राज्याची हद्द बदलायची तर नेमकं काय काय करावं लागतं

मागे एका सीमाभागातल्या कृती समितीचं निवेदन टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण काय तर मला मराठी टायपिंग येतं. चार पानी मजकूर, पहिल्याच परिच्छेदात "घटनादुरुस्ती करून आमची गावे" वगैरे, आणि शेवटी प्रती कुणाकुणाला तर तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, पालकमंत्री, झालंच तर पोलीस स्टेशन. आठ महिन्यांनी एका कचेरीतून एका ओळीचं उत्तर आलं, सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. पोरं भडकली, पण खरं सांगायचं तर उत्तर बरोबर होतं, पत्ताही चुकला होता आणि मागणीही. त्यानंतर मी घटनेतली ती कलमं आणि जुने कायदे बसून वाचले, आणि परत कुणी असं निवेदन घेऊन आलं तर काय सांगायचं ते इथे लिहून ठेवतोय.

आधी ठरवा, कुठली हद्द?

तालुका किंवा जिल्हा बदलायचा असेल तर दिल्लीपर्यंत जायची गरजच नाही. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ खाली राज्य सरकार अधिसूचना काढून जिल्हे-तालुके पाडतं, जोडतं, हद्दी बदलतं. ठाण्यातून पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यासाठी संसदेत काही झालं नव्हतं. गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं असेल किंवा नवं राज्यच हवं असेल तर मात्र मामला संसदेचा, घटनेचं कलम ३. आणि जमीन देशाबाहेर द्यायची असेल तर तो अजून वेगळा प्रकार, त्याला खरीखुरी घटनादुरुस्ती लागते.

या तिन्हीची सरमिसळ करून लिहिलेलं निवेदन कुणीच सिरियसली घेत नाही, हे माझं मत नाही, अनुभव आहे.

घटनादुरुस्ती लागते का? बहुतेक वेळा नाही

इथे सगळ्यात जास्त लोक गडबडतात. राज्यांची नावं आणि त्यांचा प्रदेश घटनेच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलेला आहे, म्हणजे हद्द बदलली की घटनेतला मजकूर बदलणारच. मग ती घटनादुरुस्ती झाली की नाही? तर घटनेचं कलम ४ सरळ सांगतं की कलम २ आणि ३ खाली केलेला कायदा पहिली आणि चौथी (राज्यसभेच्या जागांची) अनुसूची बदलत असला तरी तो कलम ३६८ च्या, म्हणजे घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलमाच्या, अर्थाने घटनादुरुस्ती धरायचा नाही. म्हणजे दोन तृतीयांश वगैरे काही नको, दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. एखादं साधं बिल पास होतं तसंच हेही बिल पास होतं. एमपीएससीवाले पाठ करतात ना, अविनाशी संघराज्यातली विनाशी राज्यं, ते यावरूनच.

३६८ चा रस्ता कधी लागतो ते मात्र लक्षात ठेवा. बेरुबारीचा भाग पाकिस्तानला द्यायचा होता तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये सांगितलं की कलम ३ चालणार नाही, म्हणून ९ वी घटनादुरुस्ती करावी लागली. बांगलादेशबरोबर छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली, त्यासाठी २०१५ ची १०० वी दुरुस्ती. कलम ३ च्या साच्यात न बसणारी रचना हवी असेल तरीही दुरुस्ती लागते, उदाहरणार्थ आसामच्या आतच मेघालय हे स्वायत्त राज्य करायचं ठरलं तेव्हा १९६९ ला २२ वी दुरुस्ती केली, पुढे १९७२ ला मेघालय पूर्ण राज्य झालं ते मात्र साध्या पुनर्रचना कायद्याने. १९५६ ला तर दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, राज्य पुनर्रचना कायदाही आणि ७ वी दुरुस्तीही, कारण अ-ब-क-ड असे राज्यांचे जे वर्ग होते तेच मोडून टाकायचे होते.

एक गंमत सांगतो. ओरिसाचं ओडिशा झालं २०११ ला. राज्याचं नाव बदलायला कलम ३ खालचा साधा कायदा पुरला, पण आठव्या अनुसूचीतल्या भाषेचं नाव उडिया बदलून ओडिया करायला ९६ वी घटनादुरुस्ती करावी लागली. राज्याचं नाव सोपं, भाषेचं नाव अवघड.

तर निवेदनात "घटनादुरुस्ती करा" लिहू नका. "कलम ३ खाली विधेयक आणा" असं लिहा.

राज्याला विचारतात, पण ऐकायलाच हवं असं नाही

कलम ३ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, नीट वाचा, सगळी मेख तिथेच आहे. बिल संसदेत मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे खरं तर केंद्रीय कॅबिनेटची इच्छा. आणि ज्या राज्याचं क्षेत्र, हद्द किंवा नाव बदलणार आहे त्या राज्याच्या विधिमंडळाकडे बिल मत द्यायला पाठवावं लागतं, मुदत घालून. ही मुदत घालायची सोय १९५५ च्या ५ व्या दुरुस्तीने आली, आधी ती नव्हती. मुदतीत मत आलं तर ठीक, नाही आलं तरी गाडी पुढे जाते. आणि मत विरोधात आलं तरी जाते!

तेलंगणाचं बघा ना. डिसेंबर २०१३ मध्ये बिल आंध्र प्रदेशच्या विधानसभेकडे गेलं, मुदत वाढवून दिली गेली, आणि ३० जानेवारी २०१४ ला विधानसभेने आवाजी मतदानाने ते फेटाळलं. तरी फेब्रुवारीत लोकसभेत मांडलं गेलं, त्या दिवशी सभागृहात मिरपूड स्प्रे उडाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, १८ फेब्रुवारीला लोकसभेत पास, २० ला राज्यसभेत पास, आणि २ जून २०१४ ला तेलंगणा अस्तित्वात. विधानसभेचा नकार फाईलला लागून राहिला, बस्स.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून भारी आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. १९५६ ला मुंबई राज्याच्या विधिमंडळाकडे जे बिल मत घ्यायला पाठवलं त्यात तीन तुकडे होते, महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. विधिमंडळाने त्यावर मत दिलं. आणि मग संसदेने बदल केला आणि थेट विशाल द्विभाषिक मुंबई राज्यच करून टाकलं, ज्यावर विधिमंडळाला कुणी विचारलंच नव्हतं. हे प्रकरण बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य म्हणून सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९५९ मध्ये कोर्ट म्हणालं की एकदा बिल पाठवून मत मागितलं की झालं, संसदेने नंतर त्यात दुरुस्ती केली म्हणून दर वेळी परत पाठवायची गरज नाही. म्हणजे तुमच्या विधानसभेने एका नकाशावर मत दिलं आणि संसदेने दुसराच नकाशा पास केला तरी कायद्याने चालतं. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो, पण नियम असा आहे आणि तो धरूनच डाव टाकावा लागतो.

केंद्रशासित प्रदेशाला तर विचारावंही लागत नाही, १९६६ च्या १८ व्या दुरुस्तीतल्या स्पष्टीकरणाने तसं करून ठेवलंय. आणि राज्यात राष्ट्रपती राजवट असेल तर काय? जम्मू-काश्मीर २०१९ मध्ये विधानसभा बरखास्त होती, तिच्या वतीने मत संसदेनेच दिलं. डिसेंबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लडाख वेगळा करणं वैध ठरवलं, राज्याचं मत बंधनकारक नसतं हेही परत सांगितलं, राज्याचा केंद्रशासित प्रदेश करता येतो का हा प्रश्न मात्र उघडाच ठेवला.

बाहेर सगळीकडे असं नाहीये बरं का. पाकिस्तानात प्रांताची हद्द बदलायला घटनादुरुस्ती तर लागतेच, वर त्या प्रांताच्या असेंब्लीतही दोन तृतीयांश मतं लागतात. दक्षिण आफ्रिकेत मटाटिएले नावाचा भाग २००५ च्या १२ व्या घटनादुरुस्तीने क्वाझुलू-नाताल प्रांतातून ईस्टर्न केपमध्ये टाकला, लोक कोर्टात गेले, आणि तिथल्या घटना न्यायालयाने २००६ ला सांगितलं की प्रांताच्या विधिमंडळाने लोकांना सहभागी करून न घेताच होकार दिला म्हणून त्या भागापुरती दुरुस्ती अवैध. मग रीतसर सुनावण्या घेऊन परत दुरुस्ती केली आणि भाग शेवटी ईस्टर्न केपमध्येच गेला. निकाल तोच लागला म्हणा, पण निदान विचारावं तरी लागलं.

मग ताकद कुठे लावायची

वरचं सगळं वाचून कळलं असेल की निर्णय दिल्लीत होतो. तरी विधानसभेच्या ठरावाला लोक फार महत्त्व देतात. ठराव हवाच, पण त्याने हद्द इंचभरही हलत नाही. उत्तर प्रदेश विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याचे चार तुकडे करायचा ठराव केला, पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध प्रदेश, पश्चिम प्रदेश. आज नकाशा उघडा, एक तुकडा दिसतो का बघा. महाराष्ट्र विधिमंडळानेही डिसेंबर २०२२ ला कर्नाटकातल्या ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. ठराव म्हणजे राजकीय वजन, त्याचा वापर खासदारांना कोपऱ्यात घ्यायला करायचा. आमदार उपोषणाला बसला की फोटो छान येतात पण कलम ३ च्या बिलावर मत खासदार देतात, हे गावोगावी समजावून सांगायला लागतं.

दिल्लीत फाईल गृह मंत्रालयात तयार होते. म्हणून निवेदन पंतप्रधान आणि केंद्रीय गृहमंत्री यांना, प्रती आपल्या आणि शेजारच्या दोन्ही मुख्यमंत्र्यांना, दोन्हीकडच्या खासदारांना. शेजारच्या राज्याला का? कारण गाव जाणार त्यांच्याकडून. दोन्ही राज्यं राजी असली की काम किती सोपं होतं याचा नमुना आंध्र आणि मद्रासचा आहे. पाटसकरांना मध्यस्थ नेमलं, खेडं हा घटक धरला, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता बघितली, आणि १९५९ ला हद्दबदलाचा कायदा होऊन गावं इकडची तिकडे झाली. महाराष्ट्र सीमाप्रश्नात जी चार तत्त्वं मांडतो, म्हणजे खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा, त्याचा आधार तिथलाच. उलट राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात साधारण जिल्हा हा घटक धरला होता आणि तिथेच बेळगावची गाठ बसली. पुढे याच सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला (आजच्या कर्नाटकला) सुचवली, बेळगाव शहर तिकडेच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल नाकारला, झालं.

कोर्टाचं म्हणाल तर राज्य सरकारच कलम १३१ खाली दुसऱ्या राज्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दावा लावू शकतं, गाव किंवा समिती नाही. महाराष्ट्राने २००४ ला लावलाय. कर्नाटकचं म्हणणं असं की हद्द ठरवायचा अधिकार संसदेचा, कोर्टाचा नाही. या वाटेने जायचं तर नातवंडांना सांगून ठेवावं लागतं.

गावांची यादी, खरं काम इथे आहे

भाषणं कुणीही करतं, यादी कुणी करत नाही. आणि कायद्यात शेवटी यादीच छापली जाते! १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा काढून बघा. गुजरातला काय गेलं, तर आधी जिल्ह्यांची नावं, डांग धरून, आणि मग ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली, पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली गावं, एकेक नाव घेऊन पहिल्या अनुसूचीत. एखाद्या गावाचं नाव त्या पानावर आहे की नाही एवढ्यावर त्या गावाचं राज्य ठरलं. म्हणून यादी करताना:

- गावाच्या नावापुढे जनगणनेचा सहा आकडी गाव कोड लिहा. एकाच तालुक्यात खुर्द, बुद्रुक आणि त्याच नावाची तिसरी वाडी असते, शिवाय पलीकडच्या कागदांत नाव वेगळ्याच स्पेलिंगने असतं. कोड चुकत नाही.
- सलगता नकाशावर दाखवा, तोंडी नको. गाव नकाशे शेजारी शेजारी चिकटवा आणि बघा की तुमच्या प्रत्येक गावाची शीव या राज्याच्या हद्दीला किंवा यादीतल्याच दुसऱ्या गावाच्या शिवेला लागते का. मध्येच एक गाव सुटलं तर पुढची सगळी बेटं होतात, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.
- भाषेचे गाववार आकडे जनगणनेच्या छापील तक्त्यांत सहज मिळत नाहीत, म्हणून जुने दस्त, शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्तं, देवळातले शिलालेख, जे मिळेल ते स्कॅन करून ठेवा.
- ग्रामसभेचा ठराव घ्या, कोरम पूर्ण, सह्यांसकट. त्याला कायद्याचं बळ नाही, पण लोकेच्छेचा कागद म्हणून तोच चालतो. आणि विरोधात बोललेल्यांची नावंही इतिवृत्तात येऊ द्या, शंभर टक्के एकमत दाखवलं की कुणाचा विश्वास बसत नाही.

आम्ही केलेल्या पहिल्या यादीत एक गाव दोनदा होतं, एक गाव धरणाखाली गेलेलं होतं आणि एका गावाला कुणी विचारलंच नव्हतं की बाबांनो तुम्हाला यायचंय का. त्यांना यायचं नव्हतं! ते गाव काढलं तेव्हा पलीकडची तीन गावं तुटली. दोन संध्याकाळी त्या नकाशावर डोकं फोडून शेवटी ओढ्याकाठच्या एका वाडीतून सलगता मिळाली.

हद्द नदी असेल तर अजून जपा. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या मध्ये गंगा आणि घागरा पात्र बदलत राहायच्या आणि नदीची खोल धार हीच हद्द, म्हणजे पूर आला की शेत या राज्यातून त्या राज्यात. भांडणं, मारामाऱ्या. शेवटी १९६८ ला संसदेने कायदा करून हद्द कायमची आखून टाकली, हरियाणा-उत्तर प्रदेशात यमुनेसाठी तेच १९७९ ला केलं. म्हणून मसुद्यात "नदीच्या अलीकडचा भाग" असलं काही लिहू नका, गट नंबर लिहा.

बिलात काय काय मागायचं

नुसती हद्द बदलून भागत नाही. गाव-दोन गावं जाणार असतील तर मतदारसंघाचा बदल, जमिनीचे रेकॉर्ड आणि चालू कोर्ट केसेस कुठे जाणार एवढं तरी बिलात यायला हवं. नवं राज्य असेल तर यादी हातभर होते. तेलंगणाच्या वेळी राज्यसभेच्या १८ जागांच्या ११ आणि ७ झाल्या, लोकसभेच्या ४२ च्या २५ आणि १७, ते सोपं होतं, गणितच ते. अवघड होतं ते हैदराबाद, जे १० वर्षांपर्यंत दोघांची राजधानी ठेवलं, आणि त्या कायद्याच्या नवव्या-दहाव्या अनुसूचीतल्या महामंडळांची आणि संस्थांची वाटणी, जिचे वाद दहा वर्षं उलटली तरी चालूच राहिले. कर्मचारी कुणाकडे, कर्ज कुणाच्या डोक्यावर, धरणाचं पाणी कोण सोडणार, हायकोर्ट कुठे. पोलावरम धरणासाठी तर राज्य वेगळं होतानाच खम्मम जिल्ह्यातली सात मंडळं आंध्रकडे वळवली, म्हणजे हद्दीवरची शाई वाळायच्या आत परत बदल.

विदर्भवाल्यांनी हा भाग खास वाचावा. फाजल अली आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, १९५५ मध्ये, आणि अजून चर्चा "व्हायला हवा की नको" एवढ्यावरच अडकलीये, कर्ज-पाणी-नोकऱ्यांची वाटणी कागदावर मांडून कुणी बिलाचा कच्चा मसुदा घेऊन फिरतंय असं मला तरी दिसलं नाही. छत्तीसगड, उत्तरांचल (आताचं उत्तराखंड), झारखंड २००० च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांत एकापाठोपाठ झाले, १, ९ आणि १५ तारखेला, त्यांचे तिन्ही कायदे मोफत वाचायला मिळतात. त्यातला एक उचला, नावं बदला, आकडे घाला, आणि जिथे आकडा सापडत नाही तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्ज मात्र योग्य खात्याला टाका, नाहीतर परत तेच, सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.